दोन चमचे रम आणि मारीचा चुरा

ताई, सप्रेम नमस्कार.

मी डोंबिवलीची. वय ४७, नोकरी करते. आषाढातला एक रविवार होता. आदल्या रात्री यांचे कॉलेजचे मित्र येऊन गेले होते आणि रमची अर्धी बाटली कपाटात राहिली होती. बाहेर धो धो पाऊस. माझ्या मोठ्या जाऊबाई मुक्कामाला होत्या. रात्री अकराला दोघींनाही काहीतरी गोड खावंसं वाटलं. घरात होतं काय, तर लेकीने केकसाठी आणलेलं २०० ग्रॅम डार्क चॉकलेट, अर्धा पुडा मारी आणि दूध. चॉकलेट वितळवलं, दोन चमचे रम ओतली आणि बघता बघता त्याची ओली वाळू झाली. घाबरून मी कपभर गरम दूध ओतलं आणि ढवळत राहिले. एकदम ते असं चकचकीत झालं की जाऊबाई म्हणाल्या, "अगं, आरसा झाला!" मारी मोडून टाकली, चिमूटभर मीठ टाकलं आणि गार व्हायची वाटही न बघता आम्ही दोघींनी ओट्यापाशी उभं राहून पातेल्यातूनच खाल्लं. इतकं सुंदर मी आयुष्यात काही केलेलं नाही.

मग परवा परवा व्हिडिओ बघून, काट्यावर मोजून, महागाचं क्रीम आणून पुन्हा केलं. रम दुधाबरोबर चांगली उकळून घेतली, म्हणजे दारू उडून जाईल. ग्लासांत भरून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. दिसलं छान, पण चव? सपक. उरलेलं डब्यात भरून फ्रीझरमध्ये टाकलंय. हे म्हणतात, पहिल्यांदा तुझं नशीब होतं.

पुढच्या महिन्यात नणंदेच्या लग्नाला २५ वर्षं होतायत. वीस माणसं घरी. ती म्हणते, "वहिनी, तेच कर." पुन्हा जमेल का हो? आणि सासूबाईंनी कधी थेंब घेतलेला नाही, पण त्याही विचारतात, "शिजवल्यावर उडून जाते ना गं? मग मलाही दे चमचाभर." त्यांना काय सांगू? लेक १९ वर्षांची आहे, तिलाही हवंय.

– ओट्यापाशी उभी



प्रिय 'ओट्यापाशी उभी',

"अगं, आरसा झाला!" हे जाऊबाईंचं वाक्य वाचलं आणि मी हातातला चहा खाली ठेवला. जिला रात्री अकरा वाजता, भर पावसात, घरातल्या चार जिनसांतून असा आरसा करता येतो, तिने नशिबाचं नाव घेऊ नये. पुन्हा जमेल. कितीही वेळा जमेल. त्या रात्री तुमच्या हाताला जे कळलं, ते डोक्याला कळायचं राहिलंय, एवढंच. ते मी सांगते.

चॉकलेटमध्ये पाणी जवळजवळ नसतंच. कोकोचे आणि साखरेचे अगदी बारीक कण स्निग्धात पसरलेले असतात आणि म्हणूनच वितळलेलं चॉकलेट असं रेशमी वाहतं. त्यात चमचा-दोन चमचे काही ओलं पडलं, की साखरेचे कण ओले होतात, एकमेकांना चिकटतात आणि सगळ्याचा रवाळ गोळा होतो. दूध असो, रम असो की पातेल्याच्या झाकणावरून ठिबकलेली वाफ असो, परिणाम तोच. आता घावनाचं पीठ आठवा. पाण्याचा पहिला हबका मारला की नुसत्या गुठळ्या दिसतात. तेव्हा आपण पीठ टाकून देतो का? पाणी वाढवत हात फिरवतो आणि तेच पीठ सरसरीत होतं. तुम्ही कपभर गरम दूध ओतलंत, तेव्हा हेच केलंत. ओलावा पुरेसा झाला, साखर त्यात विरघळली, स्निग्ध भाग बारीक थेंबांत विखुरला आणि आरसा झाला.

हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. ६० ग्रॅम चॉकलेटला निदान एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली, ओलं हवंच. चॉकलेट जितकं कडू तितकं थोडं जास्त. तुमच्या २०० ग्रॅमला किमान ५० मिली लागणार होतं. दोन चमचे रम, अगदी पोह्याचे मोठे चमचे धरले तरी, वीस-पंचवीस मिलीच्या वर जात नाही. म्हणून वाळू झाली. हा बिघाड थोडक्या ओलाव्याने होतो आणि भरपूर ओलाव्याने सुटतो. किती बायका अशा वेळी हजार रुपयांचं चॉकलेट कचऱ्यात टाकतात, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. असं घट्ट झालेलं चॉकलेट नंतर साच्यात ओतायला चालत नाही, ते खरं. पण पुडिंग, सॉस, लाडू यांच्यासाठी ते अजून उत्तम आहे.

ओलाव्याची ही भीती एकदा गेली की स्वयंपाकघर मोठं होतं. फ्रान्समधले रसायनशास्त्रज्ञ एर्वे तिस यांनी १९९५ मध्ये नुसतं पाणी आणि चॉकलेट एकत्र गरम केलं, बर्फावरच्या भांड्यात ते गार होईपर्यंत फेटलं आणि त्याचं हलकं मूस करून दाखवलं. अंडं नाही, क्रीम नाही. साधारण सव्वादोनशे ग्रॅम चांगल्या डार्क चॉकलेटला २०० मिली पाणी. त्या पाण्यातले तीन-चार चमचे काढून तेवढी रम घातली की झालं. कधी घरात दूधही नसेल तेव्हा करून बघा. फार घट्ट फेटलं गेलं तर पुन्हा गरम करून पुन्हा फेटायचं. बिघडायची भीतीच नाही.

आता दुसऱ्या वेळचं. ते सपक का झालं, हे तुमच्या पत्रातच लिहिलेलं आहे.

रम तुम्ही उकळलीत. मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो, पाण्याच्या कितीतरी आधी, आणि रमचा जो वास आपल्याला हवा असतो तोही त्याच्याबरोबर निघून जातो. उकळताना घरभर तो घमघमाट सुटला असेल ना? ती तुमच्या ग्लासातली चव होती. ती हवेत गेली. मद्यार्क स्वाद स्वतःत विरघळवून घेतो आणि उडताना ते नाकापर्यंत नेतो, म्हणून तर खऱ्या व्हॅनिलाचा अर्कही दारूतच काढतात. त्यामुळे रम घालायची ती शेवटी. चॉकलेट-दुधाचं मिश्रण बोट सोसेल इतकं कोमट झालं, की मग.

दुसरं, मीठ नव्हतं. तिसरं, मारी नव्हती, म्हणजे दाताखाली काही येत नव्हतं. आणि तुम्ही ते फ्रिजमधून काढल्या काढल्या खाल्लंत. थंडाने जीभ बधिर होते आणि गोड, कडू, वास सगळंच दबतं. कोकोचं लोणी साधारण ३४ अंशांना वितळतं, आपल्या अंगाच्या उष्णतेपेक्षा जरा खाली, आणि चॉकलेटची सगळी माया त्या जिभेवर वितळण्यात आहे. गारठलेल्या जिभेला ते सुख कसं मिळणार? पहिल्यांदा तुम्ही कोमट खाल्लंत. वाढायच्या अर्धा तास आधी वाट्या बाहेर काढून ठेवा, फरक तुमचा तुम्हाला कळेल.

पण माझ्या मते खरं कारण याहून वेगळं आहे. पहिल्या रात्री तुम्ही सारखी चव बघत होता. दुसऱ्या वेळी तुमचे डोळे काट्यावर होते. पाकीट, दूध, रम, सगळं बरोबर मोजलंत आणि बोट मात्र एकदाही पातेल्यात घातलं नाहीत. आमटीला कुणी कधी तुम्हाला सांगितलं का, की ४ ग्रॅम मीठ आणि ७ ग्रॅम गूळ? चिंच जरा जुनी असली की तुमचा हात आपोआप गुळाकडे वळतो. त्याला आपण अंदाज म्हणतो, आणि तो काही हवेतून येत नाही. पंचवीस वर्षं रोज दोनदा चव बघून तो आलेला असतो. चॉकलेट परदेशी वाटतं म्हणून त्याच्यापुढे तो अंदाज बाजूला काढून ठेवू नका.

मी हे वसईत शिकले. लहानपणी आमच्या शेजारी एक ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंब राहायचं. दसरा झाला की तिथल्या आंटी मनुका, काजूचे तुकडे आणि संत्र्याची बारीक चिरलेली साल चिनीमातीच्या बरणीत भरून वर रम ओतायच्या. नाताळपर्यंत ती बरणी कोनाड्यात. एका वर्षी केक खालून करपला. त्यांनी करपलेला भाग सुरीने काढला, उरलेला केक परातीत कुस्करला, त्यात कोको, थोडं कंडेन्स्ड मिल्क आणि बरणीतल्या मनुका घातल्या. मग बाटलीचं बूच भरून रम घेतली. आधी बुचाचाच वास घेतला. मग ओतली, मळलं, चिमूटभर मिश्रण हाताच्या पंजामागे ठेवून चाखलं. पुन्हा बूच. पुन्हा चाखलं. तिसरं बूच भरलं आणि अर्धं परत बाटलीत ओतलं. ते अर्ध्यावर थांबणं मी आजही विसरलेले नाही. कुठल्याही पुस्तकात 'अडीच बुचं' असं लिहिलेलं सापडणार नाही, पण त्या दिवशीच्या त्या केकला अडीचच हवी होती. मला अर्थातच त्यातलं मिळालं नाही; माझ्यासाठी त्यांनी बरणीतल्या मनुका आणि रम घालायच्या आधीच चार गोळे बाजूला वळून ठेवले होते. ते बाजूला ठेवणंही त्यांच्याकडूनच शिकले. त्याकडे पुढे येते.

उरल्या केकचे असे गोळे डेन्मार्कमध्ये बेकऱ्यांतून रोज विकले जातात, रमचे गोळे याच नावाने; मूळ युक्ती आदल्या दिवशीचा उरलेला माल वाया न घालवण्याची. आणि आपल्याकडे केरळात थलश्शेरीची गोष्ट सांगतात. १८८३ साली मर्डॉक ब्राऊन नावाच्या मळेवाल्या साहेबाने मंबल्ली बापू या बेकरीवाल्यापुढे विलायतेहून आणलेला केक ठेवला आणि म्हणाला, नाताळला असा करून दे, ब्रँडी घालून. बापूने काजूच्या बोंडांची आणि केळ्यांची गावठी दारू वापरली. साहेबाला केक इतका आवडला की त्याने आणखी मागवले. तुमचं मारी बिस्कीट याच घराण्यातलं आहे. गोव्यात तर मारीचा चुरा आणि फेटलेलं क्रीम यांचे थर लावून सेरादुरा करतात; पोर्तुगीजांच्या भाषेत त्याचा अर्थ लाकडाचा भुसा. मारीला कमी लेखू नका.

आता कपाटात रम नसली तर? रम होते उसाच्या मळीपासून, म्हणून तिच्यात काकवीचा काळपट गोडवा असतो आणि ती चॉकलेटला सगळ्यांत लवकर आपलं म्हणते. मनुका, गूळ, जायफळ, कॉफी, भाजलेलं खोबरं हे तिचे सोबती. ब्रँडी असेल तर नागपुरी संत्र्याची साल किसून घाला, फक्त केशरी भाग, पांढरा नको, तो कडू. व्हिस्कीबरोबर अंजीर किंवा खरपूस भाजलेले शेंगदाणे छान लागतात. काजूची फेणी घरात असेल तर नारळाच्या दाट दुधात चॉकलेट वितळवा आणि फेणी निम्मीच घाला. तिचा वास जबरदस्त असतो, तिला पुढे पुढे करू दिलं तर ती कुणालाच बोलू देत नाही. वाईन मात्र वेगळी वागते. तिच्यात मद्यार्क साधारण १२-१४ टक्के, बाकी बहुतेक पाणीच. रमइतकी वाईन घातली तर काही जाणवत नाही आणि जाणवेल इतकी घातली तर पुडिंग पातळ होतं. म्हणून रेड वाईन साखर-दालचिनीबरोबर आटवून, पाकासारखी करूनच घालायची.

एक इशारा द्यायला हवा. यातलं काही गोठवायला जाऊ नका. मी एकदा रम घातलेलं चॉकलेट कुल्फीच्या साच्यांत भरून ठेवलं होतं, हात जरा सैल सुटला होता, आणि दुसऱ्या दिवशी दुपारीसुद्धा ते मऊच. मद्यार्क गोठणबिंदू खाली ओढतो, आणि घरचा फ्रीझर तितका खाली जात नाही. अर्धा लिटर मिश्रणाला चमचा-दोन चमच्यांपर्यंत ठीक, पुढे नाही.

चॉकलेट घेताना पाकिटाची मागची बाजू वाचा. 'डार्क कंपाउंड' म्हणून जी लादी मिळते तिच्यात कोकोच्या लोण्याऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं. ती स्वस्त, उन्हाळ्यात टिकणारी, साच्यांना सोयीची. पण ती जिभेवर तशी वितळत नाही, टाळूला मेणासारखं काहीतरी राहून जातं. ज्या पदार्थात मोजक्या चार जिनसा आहेत, त्यातली मुख्य जिन्नस तरी खरी हवी. घटकांच्या यादीत कोको बटर लिहिलेलं बघा आणि ५० ते ६० टक्के कोको असलेलं घ्या. महागाचं क्रीम नसलं तरी चालेल, तुमचं दूधच छान आहे. क्रीम घ्यायचंच असेल तर हे लक्षात घ्या की दुकानातल्या साध्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश २५ टक्क्यांच्या घरात असतो. ते चॉकलेटमध्ये मिसळायला ठीक, पण फेटून फुलत नाही. फेटायला तीस टक्क्यांच्या वर लागतो.

तर वीस माणसांचं असं करा. ६०० ग्रॅम चॉकलेट सुरीने बारीक चिरून मोठ्या पातेल्यात. ४५० मिली दूध उकळी फुटायच्या बेताला आणून त्यावर ओता आणि दोन मिनिटं हात लावू नका. हे थांबणं महत्त्वाचं. मग मधोमध चमचा ठेवून लहान लहान गोल फिरवायला लागा. आधी ते फुटल्यासारखं, कळकट दिसेल, घाबरू नका. मधे एक चकचकीत ठिपका उमटेल, त्याला मोठा करत करत कडेपर्यंत न्या. तेलाचा तवंग सुटलाय असं वाटलं तर चमचाभर कोमट दूध घालून पुन्हा मधूनच सुरू करा. पाव चमचा मीठ. चव बघा. आता त्याचे दोन सारखे भाग करा. एका भागात कोमट झाल्यावर ६० मिली रम, थोडी थोडी, प्रत्येक वेळी चाखत. दुसऱ्या भागात तितकीच कडक काळी कॉफी, त्यात गूळ विरघळवून आणि जायफळ किसून. दोन्हींत शंभर-शंभर ग्रॅम मारी, चुरा न करता बोटाच्या पेराएवढे तुकडे. दहा-दहा वाट्या. हे आकडे सुरुवातीला हाताला धरून चालण्यापुरते आहेत. जिभेला काही वेगळं वाटलं तर जिभेचं ऐका.

म्हणजे रमच्या प्रत्येक वाटीत ६ मिली रम आली, ३० मिलीच्या लहान पेगचा पाचवा हिस्सा. आता सासूबाईंकडे येऊ, कारण मला सगळ्यांत जास्त काळजी त्यांच्या प्रश्नाची आहे.

शिजवल्यावर दारू उडून जाते, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय आणि ते तसं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांमध्ये मद्यार्क किती उरतो याचे आकडे दिले आहेत. उकळत्या पदार्थात दारू घालून लगेच आचेवरून उतरवलं तर सुमारे ८५ टक्के मद्यार्क तसाच राहतो. आच न देता रात्रभर ठेवलं तर ७० टक्के. अर्धा तास ढवळत शिजवलं तरी ३५ टक्के, आणि अडीच तास शिजवलं तरी ५ टक्के उरतोच. तुमच्या पुडिंगमध्ये रम शेवटी, आचेविना पडते. म्हणजे बरीचशी त्यात आहे, आणि ती असायलाच हवी, तिच्यामुळेच ती चव आहे.

सासूबाईंना हे असंच सांगा. "आई, ती उडून जात नाही, बरीचशी राहते. एका वाटीत साधारण चहाचा चमचाभर रम आहे." एवढं सांगून गप्प बसा. मग त्यांना खायचं असेल तर आनंदाने द्या, नको असेल तर कॉफीची वाटी पुढे करा. ज्या बाईने आयुष्यभर एक गोष्ट पाळली, ती मोडायची की नाही हे तिने स्वतः, सगळं माहीत असताना ठरवायला हवं. "काही होत नाही हो, उडून जाते" म्हणून वाटी हातात देणं म्हणजे तिचा निर्णय आपण परस्पर घेणं. तुम्ही मला विचारलंत यातच तुमचं मन दिसतं. आणि त्यांना स्वयंपाकघरात रमची भांडी चालत नसतील, तर एक पातेलं आणि एक चमचा वेगळा ठेवा, वाद नको.

जर्मनीत ब्लॅक फॉरेस्ट केकमध्ये चेरीची दारू हवीच, आणि तिची चव कळली पाहिजे असाच दंडक आहे. खाणाऱ्याला आपण काय खातोय ते पहिल्या घासाला समजतं. मला हा दंडक फार आवडतो. घालायची तर कळेल इतकी घाला, आणि सांगून घाला. चोरून घातलेल्या दारूने कुठलाही पदार्थ चांगला होत नाही.

वीस माणसांत कोण काय कारणाने नको म्हणेल, ते तुम्हाला ठाऊक नसतं. कुणाला दिवस गेलेले असतात आणि अजून घरी सांगितलेलं नसतं. कुणाला मेट्रोनिडॅझोलसारखी गोळी चालू असते, जिच्याबरोबर दारू टाळायला सांगतात. कुणी मोठ्या कष्टाने पिणं सोडलेलं असतं. दारू सुटावी म्हणून डायसल्फिरम घेणाऱ्याला तर चमचाभरही घातक, आणि गोळी चालू नसली तरी नुसत्या वासाने त्याची रात्र अवघड होऊ शकते. म्हणून कॉफीची वाटी दुय्यम करू नका. तीच वाटी, तेच चॉकलेट, वर तितकाच सुंदर किसलेला थर. फरक फक्त इतका, की रमच्या वाटीवर एक मनुका आणि कॉफीच्या वाटीवर एक काजू, आणि वाढताना मोठ्याने सांगायचं: मनुका म्हणजे रम. मग कुणालाच कारण द्यावं लागत नाही, माणूस सहज काजूची वाटी उचलतो. आंटींनी माझे चार गोळे असेच वळले होते, इतरांइतकेच गोल, तितकाच कोको लावलेले. मला आपण वगळले गेलोय असं कधी वाटलं नाही. वाढायचे चमचे मात्र दोन ठेवा.

लेकीचं विचारलंत. महाराष्ट्रात रमसाठी वयाची अट २५ आहे. मी तिला काजूची वाटी देईन, आणि त्याहून चांगलं म्हणजे तिला ढवळायला उभी करेन. मधला तो चकचकीत ठिपका मोठा होताना तिने बघावा. तुम्हाला अपघाताने सापडलेलं तिला हाताने कळेल.

आणि तुमच्या अहोंना माझा निरोप सांगा, की गनाश, म्हणजे चॉकलेटमध्ये गरम दूध-साय ओतून होणारं जे मिश्रण जगभरचे मिठाईवाले आज वापरतात, त्याचं नावच फ्रेंचमध्ये 'मठ्ठ' अशा अर्थाचं आहे. एका शिकाऊ पोराच्या हातून चुकून चॉकलेटमध्ये ओतलं गेलं आणि मालकाने त्याला तो शब्द हासडला, अशी दंतकथा आहे. खरी-खोटी कुणास ठाऊक, पण चुकलेल्या पातेल्यापासून दूर न पळता त्यात चमचा फिरवत राहणारं कुणीतरी तिथे असणार, हे मला पटतं. तुम्ही तशाच फिरवत राहिलात.

राहिला फ्रीझरमधला डबा. तो टाकू नका. आज रात्री फ्रिजमध्ये उतरवा, उद्या संध्याकाळी परातीत काढा. एक पुडा मारी लाटण्याने जाडसर कुटून त्यात घाला, चिमूटभर मीठ आणि मूठभर चिरलेल्या मनुका. रम बुचाबुचाने, आधी वास घेऊन. हाताला लाडवासारखं वळता येईल इतपत झालं की सुपारीएवढे गोळे वळा आणि कोरड्या भाजलेल्या खोबऱ्याच्या किसात घोळवा. मिश्रण सैल वाटलं तर आणखी बिस्कीट, कोरडं वाटलं तर चमचाभर दूध. या मिश्रणात तुम्ही उकळलेली रम आधीच आहे, तेव्हा रम नको असलेल्यांना यातले गोळे देऊ नका. रमचे गोळे दुसऱ्या दिवशी जास्त मुरलेले लागतात, पण क्रीम आहे, तेव्हा फ्रिजमध्येच ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. डब्यावर चिठ्ठी लावा, मोठ्या अक्षरात: रम आहे. आणि पहिले दोन जाऊबाईंना पाठवा.